वर चढलेला ठिपका

भावजी, तुमच्या तेराव्याला पंगत उठल्यावर वंदनानं माझ्या हातात वही आणि पेन ठेवलं. म्हणाली, "मोठी आई, बाबांचा आलेख आपल्या गावच्या शाळेत लावायचाय. त्या वर चढलेल्या ठिपक्याखाली तू दहा ओळी लिहून दे. विहीर तुझीच आहे ना." मी हो म्हटलं. हो म्हणायची माझी सवय जुनी आहे, आणि सगळं त्या सवयीपासूनच सुरू झालं, ते पुढं येईलच.

दहा ओळी काही जमल्या नाहीत. पहिली ओळ लिहिली की ती खोटी निघायची. म्हणून आता लांबलचक लिहायला घेतलंय आणि तुम्हालाच लिहितेय. तुम्ही जन्मभर मला पोस्टकार्डं पाठवलीत आणि मी एकाचंही उत्तर दिलं नाही. हे त्या सगळ्यांचं मिळून एकच.

तुमची ओळख तुम्हाला करून देण्यात अर्थ नाही. पण वंदना हे शाळेत वाचून दाखवीन म्हणते, म्हणून पोरांसाठी सांगते. हे माझे धाकटे दीर. सरकारी नोकरीत होते, काम काय, तर विहिरींचं पाणी मोजायचं. जिल्हाभर ठरलेल्या विहिरी होत्या आणि वर्षातून चार वेळा त्यांचं माप घ्यायचं. मोडनिंबजवळची आमची विहीर त्यातलीच एक. टेपच्या टोकाला वजन, वजनाला लागून असलेल्या दोन-तीन फुटांना खडू फासलेला. कठड्यावरच्या लाल खुणेपासून टेप खाली सोडायचा. खडू जिथं भिजला, तिथं पाणी. एवढंच. नवी नवरी असताना मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, या माणसाला सरकारनं शिक्षा केलीय.

माप घ्यायच्या आधी पाणी स्थिर लागतं, म्हणून तुमचं पोस्टकार्ड यायचं. "मंगळवारी माप घेण्यास येतो. आदल्या सकाळपासून मोटार बंद ठेवावी. दत्तू." सख्ख्या भावाच्या घरी असं कार्ड. ना नमस्कार, ना पोरांना आशीर्वाद. मी तुम्हाला विचारलंही होतं, विहिरीची तब्येत विचारता, वैनीची कधी विचारायची? तुम्ही म्हणालात, वैनीची विहिरीवरून कळते.

माझं माप वेगळं होतं. मी पायऱ्या मोजायची. लग्न होऊन आले तेव्हा चार पायऱ्या उतरलं की घागर बुडायची. रमेश झाला तेव्हा नऊ. मग इंजिन आलं, मग विजेची मोटार आली, आणि मी पायऱ्या मोजायचं सोडून दिलं, कारण पाणी आपण होऊन वर यायला लागलं. तुम्ही तेव्हा बजावलं होतंत, की मोट गेली, इंजिन आलं, मोटार आली, दर वेळी तुम्हाला वाटतं पाणी वाढलं. वाढत काही नाही, ओढायची ताकद वाढते. मी हसले होते. माझ्या डोक्यावरची घागर उतरली होती, मला तुमच्या टेपचं काय कौतुक?

आणि तुमचा तो देश. भाकरीचा तुकडा मोडायच्या आत तुमचा देश ताटात यायचा. जमिनीखालचं पाणी जगात सगळ्यांत जास्त कोण उपसतं, तर आपण. धरण आटलं की लोकांना दिसतं, फोटो येतात. जमिनीखालचं आटतं ते कुणाला दिसत नाही. मी म्हणायची, मग दिल्लीला कार्ड टाका, मोटार बंद ठेवावी म्हणून. तुम्ही ठसका लागेस्तोवर हसायचात आणि पुन्हा तेच. दिल्लीत सुरू होत नाही वैनी, तुमच्या विहिरीवर होतं.

एकदा वैतागून मी म्हटलं, म्हणजे दह्यासारखंच की. कितीही भूक असली तरी विरजणापुरतं ठेवायचं, ते खाल्लं की उद्याचं दही नाही. तुम्ही जेवता जेवता थांबलात. खिशातून डायरी काढलीत आणि उष्ट्या हातानं लिहून घेतलंत. मग तीस वर्षं शाळाशाळांतून, ग्रामसभांतून सांगत फिरलात, "आमच्या वैनी म्हणतात, या देशानं विरजण खायला घेतलंय." लोक मला फार शहाणी समजायला लागले. त्या शहाण्या बाईनं काय केलं होतं, ते आता सांगते.

त्या वर्षी तुम्ही आमच्या मागे हात धुऊन लागला होता. ऊस कमी करा, ओढ्यावर दगडांचे बांध घाला. तुमच्या दादांनी, म्हणजे आमच्या घरधन्यांनी, आधी दोन शिव्या घातल्या, मग अर्धा ऊस मोडला. हिवाळ्यात गावातली आठ-दहा घरं ओढ्यावर दगड रचायला गेली, तुम्ही स्वतः रजा काढून पाट्या वाहिल्यात. आणि दादांकडून एक शब्द घेतलात, की बोअर पाडायचा नाही. दादांनी शब्द दिला. होळी झाली आणि त्यांनी बोअर पाडला. तीनशे फूट. गाडी रात्रंदिवस घरघरत होती, आख्ख्या शिवाराला ऐकू गेलं, फक्त सोलापुरात तुम्हाला ऐकू आलं नाही. मला म्हणाले, दत्तूला बोलायचं न्हाई. मी म्हटलं, व्हय.

बोअरचं पाणी थेट रानात नाही सोडायचे. पाइपनं विहिरीत सोडायचं, विहिरीत साठलं की मोटारीनं उसाला. वरून पाहणाऱ्याला वाटावं, विहीरच देते.

मे महिन्यात तुमचं कार्ड आलं. दादा नेमके अकलूजला गेलेले, सोयरिकीची बोलणी करायला. घरात मी एकटी. आता त्या तिशीतल्या बाईचं डोकं बघा. स्वतःला तालुक्यात हुशार समजायची, सातवी पास होती ना. तिनं कार्ड दोनदा वाचलं. मोटार बंद ठेवावी. तिनं आदल्या सकाळी मोटार बंद केली, स्टार्टरला फडकंसुद्धा बांधलं, सासूबाईंनी चुकून चालू करू नये म्हणून. बोअर चालूच ठेवला. कार्डात बोअरचं काही लिहिलं नव्हतं. कसं लिहिणार, तुम्हाला बोअर ठाऊकच नव्हता.

मंगळवारी सकाळी तिला आठवलं, पाइप दिसेल. मग धावपळ. बोअर बंद केला, पाइप ओढून गोठ्यात टाकला, आणि बोअरच्या तोंडावर कडब्याच्या पेंढ्या रचल्या. तेवढ्यावर भागेना म्हणून शेजारी शेळी बांधली. लपवलेल्या जागी शेळी बांधली की कुणाला संशय येत नाही, असा तिचा हिशोब होता. ज्या विहिरीत दिवसभर बोअरचं पाणी पडलं, त्या विहिरीतल्या पाण्याचाच तिला विसर पडला. पाइप लपवला, शेळी बांधली, आणि पाच फूट पाणी उघडं ठेवलं.

तुम्ही सायकलवरून आलात. टोपी काढून कठड्यावर ठेवलीत. टेप सोडलात, वर ओढलात, बघितलंत. खडू पुसून पुन्हा फासलात, पुन्हा सोडलात. असं तीनदा. मी चहाचा कप घेऊन उभी, आणि पहिल्यांदाच माझ्या लक्षात आलं की मी काय करून ठेवलंय.

"वैनी, मोटार बंद होती का?"

"कालपास्नं बंद हाय की."

"नक्की?"

"फडकं बगा की बांदलेलं."

तुम्ही फडकं बघितलंत. मग कडब्याच्या ढिगावर बसलात, बोअरच्या बरोबर तोंडावर, आणि वहीत आकडा लिहिलात. शेळी वहीचा कोपरा चावत होती, तुम्ही तिला हाकललंसुद्धा नाही. माझ्याकडे बघून म्हणालात, "वर आलं, वैनी. पाणी वर आलं."

तेव्हा बोलायचं होतं. एक पेंढी बाजूला केली असती तरी झालं असतं. मी म्हटलं, "व्हय की."

तुम्ही चहा तसाच ठेवलात आणि ओढ्यावर गेलात. मी लांबून बघत होते. तुम्ही दगडांच्या बांधावर हात ठेवून उभे होतात, एखाद्या बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा. त्याच क्षणी माझं बोलायचं राहून गेलं. आधी दादांची भीती होती. मग तुमच्या आनंदाची भीती वाटायला लागली. पुढं नुसती सवय.

दोन वर्षांनी बोअर उघडकीला आला. दादांनी सांगितलं, यंदाच पाडला. तुम्ही महिनाभर बोलला नाहीत, पण ठिपक्यावर शंका घेतली नाहीत. शंका तुमच्या साहेबांनी घेतली होती. ते म्हणाले, ही नोंद चुकलीय, वगळा. तुम्ही वगळली नाही. मी स्वतः टेप सोडलाय, तीनदा सोडलाय, आमच्या वैनींनी मोटार बंद ठेवली होती. माझं नाव ऑफिसच्या कागदावर गेलं ते असं. त्या भांडणात तुमची बढती मागे पडली हे मला फार उशिरा कळलं, तेही वंदनाच्या आईकडून, भाजी निवडता निवडता.

रिटायर झाल्यावरही तुम्ही येत राहिलात, स्वतःचा टेप घेऊन. जुळे सोलापुरातल्या फ्लॅटमध्ये लोक भिंतीला देवांचे फोटो लावतात, तुम्ही आलेख लावलात. वर जमिनीची रेघ, आणि तिथून एका फुटाला एक बोट जागा. दर वर्षीच्या मे महिन्याचा एक ठिपका. ठिपके पायऱ्यांसारखे खाली उतरत जातात, आणि मध्येच एक वर चढलेला. आल्यागेल्याला तुम्ही तो दाखवायचात. एकदा आलं म्हणजे पुन्हा येऊ शकतं.

आणि माझ्याशी भांडायचात. हे भांडण मात्र आपलं अर्धवट राहिलं. दर वर्षी माप घेऊन झालं की तेच, एकदा मिळवलं होतं वैनी, तुम्ही घालवलंत. पुन्हा ऊस लावलात, बांधाचे दगड कुणी घराला नेले ते बघितलं नाहीत. मी म्हणायची, पाऊस कमी झाला. तुम्ही म्हणायचात, पाऊस नाही, तुमची नियत कमी झाली. जे कधी आलंच नव्हतं ते घालवल्याबद्दल मी तीस वर्षं बोलणी खाल्ली. गंमत म्हणजे मला ती बरी वाटायची. चुकीच्या गुन्ह्यासाठी का होईना, कुणीतरी मला रागावत होतं.

फाल्गुनात तुम्हाला भेटायला आले होते. डॉक्टरांनी पाणी तोडलेलं, दिवसाला एक बाटली, त्याच्यावर थेंब नाही. तुम्ही बाटलीवर पेननं रेघा मारल्या होत्या, सकाळची, दुपारची, गोळ्यांची. नळाला पाणी येऊन चार दिवस झाले होते, म्हणून वंदनाची पिंपांशी खटपट चालली होती. मी तिची नजर चुकवून तुमच्यासमोर बर्फाचा खडा धरला. म्हटलं, घ्या, हे काय पाणी नव्हे. तुम्ही खड्याकडे बघितलंत, रेघेकडे बघितलंत आणि मान हलवलीत. म्हणालात, विरघळलं की पाणीच, वैनी, नोंद चुकते.

तेव्हाही बोलायचं होतं. समोर ठिपका होता, तुम्ही होता, खोलीत तिसरं कुणी नव्हतं. मी बर्फ स्वतःच्या तोंडात टाकला.

गेल्या आठवड्यात वंदनाकडे गेले. दहा ओळी कुठंयत, म्हणाली. मी तिला खाली बसवलं आणि सगळं सांगितलं. कार्ड, फडकं, कडबा, शेळी. शेळीपाशी ती हसली. बाकीचं ऐकून भिंतीवरच्या आलेखाकडे वळली. मग म्हणाली, "बाबा त्या ठिपक्यासाठी भांडले, मोठी आई."

"ठाऊक हाय."

"तू एक शब्द बोलायचा होतास."

"एकच बोलले की. तोच चुकला."

मला वाटलं, आता रडेल, नाहीतर मला हाकलेल. पण ती तुमचीच मुलगी. उठली आणि खुर्चीवर चढून पट्टी घेऊन त्या ठिपक्याजवळ गेली. मी म्हटलं, पुसून टाक. ती म्हणाली, पुसायचा कशाला, पाणी तर होतं. आलं कुठून ते सांग. मी सांगितलं, तीनशे फूट. ती म्हणाली, मग ठिपक्याची जागा तिथं. तीनशे फूट म्हणजे तीनशे बोटं. तिनं तुमचा टेप काढला, जमिनीच्या रेघेवर धरला आणि खाली सोडला. कागद संपला. भिंत संपली. फरशी आली, तरी अजून निम्म्याहून जास्त बाकी.

मग ती गॅलरीत गेली. फरशीच्या कडेला धरून तिनं टेप बाहेर सोडला, अगदी तुमच्यासारखा, वजन कुठं टेकू न देता, हळूहळू. मी कठड्यावरून वाकून बघत होते. टेप खालच्या मजल्यावर शेखभाभींच्या गॅलरीसमोर उतरला, त्यांच्या निळ्या पिंपाच्या अंगाला टक् करून लागला, आणखी हातभर खाली गेला आणि थांबला. शेखभाभी ओले हात पुसत बाहेर आल्या.

"क्या नापरैं, अम्मा?"

"पाणी," मी म्हटलं.

"पानी तो परसों आएंगा," त्या म्हणाल्या, आणि पिंपाचं झाकण नीट लावून आत गेल्या.

वंदना तिथंच खाली बसली आणि हसायला लागली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. माझे नाही भरले. मी त्या टेपकडे बघत होते. वर चढलेला म्हणून तुम्ही मिरवलात तो ठिपका तिथं होता, भावजी, दुसऱ्याच्या घरात, फरशीपाशी. तुमच्या आख्ख्या आलेखातला सगळ्यांत खोल.

मला एकच गोष्ट राहून राहून आठवते. मी तुमचा शब्द खोटा पाडला असं मला इतकी वर्षं वाटायचं. तसं झालं नाही. तुम्ही म्हणत होतात, ओढायचं कमी केलं, दगड रचले, तर पाणी वर येईल. येतं की नाही, ते आम्ही करून बघितलंच नाही. एक हिवाळा दगड रचले, होळीला बोअर पाडला, आणि बघितल्यासारखं दाखवलं. तुमचं उत्तर चुकलं नाही, आम्ही पाटीच पुसून टाकली. आज आमच्या रानात चार बोअर आहेत. पहिल्याच्या तोंडावर दगड ठेवलाय, तो कधीच कोरडा पडला. चौथा किती खोल आहे, ते रमेश मला सांगत नाही. मीही आता कडब्याच्या ढिगाकडे संशयानं बघते.

आलेख शाळेत जाणार आहे. ठिपका आहे तिथंच राहील. त्याच्यापासून एक रेघ खाली काढायची, कागदाच्या बाहेर, भिंतीवरून फरशीपर्यंत, असं वंदनानं ठरवलंय. गुरुजींना विचारलंय, फरशीवर पुढं काढली तर चालेल का. पोरं येता-जाता तुडवतील, ते म्हणाले. वंदना म्हणाली, तुडवू देत.

उद्या मंगळवार. मे महिन्याचं माप घ्यायला वंदना येणार आहे. कार्ड आता कुणी टाकत नाही, तिनं फोनवर मेसेज केला, तुमचेच शब्द, फक्त खाली दत्तूऐवजी वंदना. काल मी रमेशला म्हटलं, उद्या सकाळपासून सगळं बंद. विहिरीची मोटार, बोअरच्या मोटारी, ठिबक, सगळं. तो डाळिंबाच्या बागेकडे हात करून म्हणाला, ऊन बघ की आये, मे महिना हाय.

"तुज्या काकाचं माप हाय."

"काका गेलं की आता."

"माप गेलं न्हाई."

आज सकाळी मी स्वतः रानात गेले. गुडघे कुरकुरत होते, पण गेले. घरातलं जुनं लुगडं फाडून फडकी केली होती. एकेका स्टार्टरला बांधत फिरले. रमेश लांबून बघत होता, म्हातारीला काय झालं म्हणून, पण सोडायला आला नाही. कडबा सगळा गोठ्याच्या मागं हलवून ठेवलाय. विहिरीच्या आसपास एक पेंढी नाही. शेळीसुद्धा घरात बांधलीय.

पाणी किती असेल, ते मी वाकून बघितलं नाही. उद्या खडू सांगेल. खालीच असेल. तो ठिपका कुठंही पडो, त्याच्याखाली मी सही करीन.

मोटार बंद आहे, भावजी. या वेळी बोअरचीसुद्धा.